मूत्राशयातली भरती-ओहोटी

प्रश्न : काका, माझा धाकटा भाऊ पाडेली, म्हणजे माडावरचे नारळ पाडणारा. मांद्र्याच्या एका भाटात माडावरून पडला, त्याला आता सहा वर्षं झाली. पाठीचा कणा डी-दहाला, म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्याला, दुखावला, कमरेखाली काही कळत नाही. दिवसातून पाच वेळा स्वतःच नळी घालून लघवी काढतो. वर्षातून एकदा मूत्राशयाचा दाब मोजतात. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, दाब जास्त आहे, मूत्रपिंडं सांभाळा, आणि गोळी वाढवली. पण ती तपासणी तासाभराची. बाकी वर्षभर आत काय चाललंय ते कोणाला ठाऊक? माझी मुलगी फर्मागुडीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते, मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारी चिप असते, तसलीच मामाच्या मूत्राशयात बसवता येईल. असं काही मिळतं का? तिने हाच प्रोजेक्ट घ्यावा का?
— एक भगिनी, पेडणे

उत्तर : ताई, आधी सरळ सांगतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावा आणि एकदा बसवला की वर्षानुवर्षं आत राहून दाब सांगावा, असा मूत्राशयाचा सेन्सर आज मिळत नाही. कल्पना मात्र जुनी आहे. गिळली की पोटातून रेडिओवर दाब कळवणारी गोळी स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल याकोबसन यांनी १९५७ सालीच केली होती. हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत बसवायचा सेन्सर अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाला. कार्डिओमेम्स त्याचं नाव, आणि त्यात बॅटरीसुद्धा नाही. मूत्राशयच तेवढं हाती लागत नाही. का लागत नाही, हे तुमच्या मुलीला कळावं म्हणून उत्तर लांबवतो. संपादकांना कात्री लावायची असेल तर त्यांनी दुसऱ्या प्रश्नांना लावावी.

मी डॉक्टर नव्हे. माझी नोकरी दाब मोजण्यातच गेली, पण खाडीचा. मांडवीच्या काठी जेटीखाली दाबयंत्र बसवायचं, डोक्यावर किती पाणी उभं आहे ते त्याने सांगायचं, त्यावरून आम्ही भरती-ओहोटी काढायची. मूत्राशयातलंही पाणीच. खारट, कोमट, हळूहळू चढणारं आणि भसकन ओसरणारं. त्या ओळखीवर बोलतो आहे.

तुमच्या भावाची तपासणी आठवा. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदद्वारातून, टोकाला छोटा फुगा असलेली. पहिली मूत्राशयातला एकूण दाब सांगते, दुसरी पोटाचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. मोजतात पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब तो दाब तोलून धरेल. एडवर्ड मॅकग्वायर या अमेरिकन डॉक्टरांनी कण्यात जन्मतः दोष असलेल्या मुलांचा अभ्यास करून १९८१ मध्ये दाखवलं, की लघवी गळायला लागते तेव्हाचा दाब ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर मूत्रपिंडांना धोका. ४० सेंटीमीटर म्हणजे हातभराला थोडं कमीच! पण तेवढा दाब तासन्‌तास टिकला की मूत्रपिंडाकडून लघवी खाली ढकलणारी नलिका थकते आणि लघवी मागे तुंबते. दुखत नाही, कळत नाही. तुमच्या भावाला तर त्या भागाची संवेदनाच नाही.

त्यात तपासणीच्या वेळी मूत्राशय कधी कधी मिनिटाला ५० मिलिलिटर अशा वेगाने भरतात. मूत्रपिंडांना तेवढी लघवी करायला पाऊण तास तरी लागतो. नळाखाली धरलेली कळशी आणि पागोळीखाली ठेवलेली कळशी, असा हा फरक. तेव्हा तासाभराच्या तपासणीवर वर्ष काढणं तुम्हाला खटकतं, ते बरोबरच खटकतं.

आता भाचीच्या चिपकडे. मोबाइलमधली चिप हवेचा सगळा दाब मोजते, आणि समुद्रसपाटीला हवेचाच दाब पाण्याच्या सुमारे १०३३ सेंटीमीटर भरतो. त्या १०३३ वर आपल्याला आणखी १० आहेत की ४०, ते ओळखायचं. एका टक्क्याची चूक झाली की १० सेंटीमीटर गेले. मी एकदा एक दाबयंत्र गाडीच्या मागच्या सीटवर चालू ठेवून चोर्ला घाटाने बेळगावला नेलं होतं. साखळीपासून आकडा उतरायला लागला तो बेळगावात पोचेपर्यंत नव्वदीच्या आसपास सेंटीमीटरनी खाली. बरोबरचा पोरगा घाबरला, म्हणाला यंत्र फुटलं. यंत्र शहाणं होतं, आम्ही साडेसातशे मीटर वर चढलो होतो. आता विचार करा, मामा बेळगावला लग्नाला गेला आणि आतला सेन्सर म्हणतो आहे की मूत्राशयात उणे पन्नास दाब! म्हणून बाहेर, कमरेला किंवा व्हीलचेअरला, हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर लागतो, आणि दोघांची घड्याळं जुळलेली लागतात. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला आला तरी आठ-दहा सेंटीमीटर सहज हलतात.

हवा वजा झाली तरी पोट उरतंच. नुसतं पडून असताना मूत्राशयात ५ ते २० सेंटीमीटर दाब दिसतो, बसल्यावर १५ ते ४०, उभं राहिल्यावर ३० ते ५०. स्नायूने काहीही न करता. वरची आतडी, पोटाची भिंत, सगळ्यांचं ओझं. खोकला आला की शंभराच्या वर उडी. तेव्हा ४० ला घंटा वाजेल असा बेत केला, तर तुमचा भाऊ बिछान्यावरून व्हीलचेअरवर आला की घंटा, शिंकला की घंटा, मुलगा मांडीवर चढला की घंटा. तिसऱ्या दिवशी तो ती बंद करून ठेवील, मीही ठेवली असती. गुदद्वारातला फुगा घेऊन कोणी वर्षभर फिरत नाही, म्हणून एकाच सेन्सरच्या रेघेवरून ओळखावं लागतं. खोकल्याचा सुळका सेकंदाच्या आत येतो-जातो, मूत्राशयाचं आकुंचन दहा-वीस सेकंद किंवा त्याहून जास्त फुगून मग उतरतं. एवढं प्रोग्रॅमला शिकवता येतं. पण दाब तासाभरात हळूहळू चढत गेला, तर तो मूत्राशय ताठर झाल्यामुळे की माणूस खुर्चीत पुढे वाकून बसल्यामुळे? यासाठी शरीराची ठेवण सांगणारी चिपही जोडीला लागते. ती स्वस्त आहे, मोबाइल आडवा केला की चित्र फिरवते तीच.

बसवायचा कुठे, यावर जाणत्यांचं एकमत नाही. मूत्राशयात मोकळा सोडला तर दाब छान कळतो, पण तो तरंगत जाऊन नेमका बाहेरच्या वाटेत अडकतो किंवा लघवीबरोबर निघून जातो. बाहेरच्या अंगाला शिवला तर पोट उघडावं लागतं, आणि महिन्याभरात शरीर त्याच्याभोवती चिवट पेशींची पिशवी विणतं. मग सेन्सर त्या पिशवीचा ताण मोजत बसतो. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतल्या अस्तराखाली खिसा करून त्यात सेन्सर सरकवण्याची वाट धरली. मला तीच पटते, कारण लघवीचा स्पर्श नाही आणि पोटही फाडायचं नाही. पण दुर्बिणीच्या वाटेने जायचं तर सगळा ऐवज सहा-सात मिलिमीटर जाडीत बसला पाहिजे, करंगळीपेक्षा बारीक, कडा अजिबात नसलेला. आणि ते अस्तर काही भिंतीचा गिलावा नव्हे. मूत्राशय चारशे मिलिलिटरपर्यंत फुगतं आणि रिकामं झालं की सुरकुतलेल्या पिशवीसारखं मिटतं, दिवसातून पाच वेळा. त्यात टणक तुकडा घासत राहिला तर एक दिवस अस्तर फाडून आत येतो.

आत आला की खडा. माझ्या जेटीखालच्या यंत्राच्या तोंडाला बार्नॅकल आणि कालवं चिकटायची. तीन महिन्यांत तोंड बंद, आणि यंत्र निर्लज्जपणे तोच आकडा सांगत राहायचं. मूत्राशयात कालवं नसली तरी प्रोटियस नावाचे जंतू असू शकतात. ते लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे फॉस्फेट तिथे जे काही परकं सापडेल त्यावर चुन्यासारखे बसतात. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा असतातच. रक्तवाहिनीत ही पीडा नाही, तिथे सेन्सरवर शरीर स्वतःचंच पातळ अस्तर चढवतं. कार्डिओमेम्स पुढे गेला आणि मूत्राशय मागे राहिलं त्याचं हे एक मोठं कारण.

मग ओल. गोव्यात कोणाला हे समजावून सांगायला नको. जूनमध्ये कपाटात ठेवलेला कॅमेरा गणपतीला काढला की भिंगात बुरशी. पाणी कुठून शिरलं? कुठूनही नाही, वाफ शिरली. सिलिकोन आणि तसल्या प्लॅस्टिकच्या थरांचं असंच आहे, पाणी अडवतात, वाफ आत घेतात. दाबाच्या चिपमध्ये पडद्यामागे एक बंद पोकळी असते, तिच्याशी तुलना करून ती दाब सांगते. त्या पोकळीत वाफ गेली की तुलनाच खोटी. खऱ्या अर्थाने वाफ अडवतात टायटॅनियम, काच, सिरॅमिक. पण जाड टायटॅनियममधून दाबही आत पोचत नाही, म्हणून कागदासारखा पातळ पडदा, त्यामागे तेल, तेलात चिप. पडद्यावर चुना किंवा पेशी चढल्या की तो ताठरतो. म्हणजे फिरून पुन्हा कालवांपाशी.

विजेचं मी थोडक्यात उरकतो, मुलीला कॉलेजात तेच शिकवतात. बॅटरी ठेवली तर आकार वाढतो. बाहेरून वेटोळ्याने वीज दिली तर अंतर फार वाढवता येत नाही. एकच गोष्ट पुस्तकात नसेल ती सांगतो. रोपणाच्या यंत्राचा पृष्ठभाग शरीरापेक्षा दोन अंशांहून जास्त तापू नये असा दंडक आहे, पण बाहेर पोटावर ठेवलेलं चार्जिंगचं वेटोळंसुद्धा तापतं, आणि तुमच्या भावाला बेंबीखाली चटका कळणार नाही. पाठीच्या रुग्णाला एमआरआय लागत राहतो आणि त्यात मोठं चुंबक असतं, हेही त्यात धरा.

आता माझा मुख्य मुद्दा. दाब मोजणं सोपं आहे. तीन वर्षांनी तो बरोबरच मोजला जातो आहे हे कळणं अवघड आहे. प्रत्येक दाबयंत्राचं शून्य सरकतं. जेटीखालचं माझं एक यंत्र चार महिन्यांत ११ सेंटीमीटर सरकलं होतं, आणि मला ते कळलं एका रंगवलेल्या पट्टीमुळे. जेटीच्या खांबावर सेंटीमीटरच्या खुणा रंगवलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा मी तिथे उकिडवा बसून डोळ्याने पाणी वाचायचो, वहीत लिहायचो आणि यंत्राशी ताडून बघायचो. लाखाच्या यंत्राला शंभर रुपयांची पट्टी खरं-खोटं सांगायची. शरीरात पुरलेल्या सेन्सरला पट्टी कुठून आणणार? तो दर महिन्याला काढून पाण्याच्या टाकीत तपासता येत नाही.

पण ताई, तुमच्या भावाकडे पट्टी आहे. तो दिवसातून पाच वेळा मूत्राशयात नळी घालतो. लघवी सोडण्याआधी नळीचं बाहेरचं टोक पारदर्शक नळीला जोडून उभं धरलं, तर त्यात लघवी जेवढी चढेल तेवढा त्या घडीचा दाब. फूटपट्टीचं शून्य जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, वरच्या कडेशी. यात नवं काही नाही, घरच्या घरी दाब बघायची ही जुनी रीत आहे. आतला सेन्सर त्याच क्षणी काय सांगतो ते ताडलं की शून्य सापडलं, आणि तेही रोज. निरोगी माणसाच्या मूत्राशयात हे जमणार नाही, पण ज्याला या सेन्सरची खरी गरज आहे त्याच्या हातात आधीच नळी असते. आत टिकणारा अचूक सेन्सर घडवण्यासाठी सगळे झटतात, ते ठीकच. मला वाटतं, थोडा सरकणारा पण रोज तपासता येणारा सेन्सर आधी घडवावा.

म्हणून मुलीला सांगा, प्रोजेक्ट घे, पण मूत्राशयाचा सेन्सर हा विषय लिहू नकोस. मामाच्या अंगात तर काहीही घालू नकोस. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे माणसावरच्या चाचणीला परवानगी लागते, आणि ते बरंच आहे. तिचा विषय असा असावा: दाबाच्या चिपचं शून्य खारट पाण्यात किती सरकतं. साहित्य फार नाही. पाण्यात चालणाऱ्या दाबाच्या चार चिप घ्याव्यात. दोनांवर सिलिकोन, एकीवर पॅरिलीन नावाचा पातळ प्लॅस्टिकचा लेप मिळाला तर तो, एक नुसती. काचेच्या बरणीत मिठाचं पाणी, बरणीला मीटरभर उंच पारदर्शक नळी, नळीमागे पट्टी. एक बरणी ३७ अंशांवर, दुसरी ६७ वर. तापमान दहा अंश वाढलं की झीज साधारण दुप्पट होते असा कारागिरीचा ठोकताळा आहे, म्हणजे गरम बरणीतला एक महिना आठ महिन्यांसारखा. रोज सकाळी नळीतली उंची डोळ्याने वाचून वहीत. मोबाइलने फोटो काढून ठेवते म्हणाली तर नको म्हणा, आधी वही. खड्याचं बघायचं असेल तर तिसऱ्या बरणीत युरिया, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेटचं पाणी करून त्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकावं. त्यात युरिया फोडणारं एन्झाइम असतं. वास मात्र भयंकर सुटेल. होस्टेलवर करू नये.

आणि भाऊ? त्याच्यासाठी आजच्या आज करायची गोष्ट चिपपेक्षा साधी आहे. प्रत्येक वेळी नळीतून किती मिलिलिटर निघाले ते वेळेसकट लिहायचं. ५०० च्या वर गेलं तर वेळा जवळ आणायच्या. मधेच गळती झाली तर ती किती वाजता, तेही लिहायचं. वर्षाची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, चुकवायची नाही. उभ्या नळीचा प्रयोग मात्र युरॉलॉजिस्टांना विचारून, त्यांच्यासमोर एकदा करून मगच, कारण जोडकामात हात अस्वच्छ झाला तर दाब कळेल आणि जंतूही आत जातील. अशी दोन महिन्यांची वही घेऊन पुढच्या तपासणीला गेलात तर डॉक्टर ती बाजूला ठेवणार नाहीत.

प्रश्न : वय ७१. रात्री चार वेळा उठावं लागतं, प्रोस्टेट वाढलेली आहे. नातवाने दाखवलं की परदेशात उंदराच्या मूत्राशयाला पट्टा बांधून सगळं संगणकावर चालवलं. माझ्यासाठी असं काही?
— एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : गुरुजी, नातवाने दाखवलं ते खरं आहे. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं काम. उंदराच्या मूत्राशयाभोवती ताणाचा लवचीक पट्टा, मूत्राशय वाजवीपेक्षा जास्त वेळा आकुंचलं की छोटा दिवा लागतो आणि त्याच्या प्रकाशाने मूत्राशयाच्या चेतापेशी शांत होतात. पण त्या पेशींना प्रकाश कळावा म्हणून आधी त्यांच्यात जनुक घालावं लागलं होतं. तुम्हाला ते नको. तुम्हाला लघवीच्या धारेची तपासणी, लघवी झाल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी आणि तीन दिवसांची वही पुरे. पाय सुजत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दिवसा पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावरच मूत्रपिंडांकडे येतं. आणि साडेनऊचा चहा बंद करा. तो तुम्ही घेता हे पत्रात लिहिलेलं नाही, पण कागदावर कपाची गोल खूण आहे.

प्रश्न : दाब मोजायच्या भानगडीत पडण्यापेक्षा पोटावर पट्टा बांधून अल्ट्रासाउंडने मूत्राशय किती भरलं तेवढंच बघितलं तर? कापाकापी नाही, खडा नाही.
— एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : चांगला प्रश्न, आणि बऱ्याच लोकांना तेवढं पुरेल. किती भरलं ते कळलं की नळी कधी घालायची ते कळतं. पण किती भरलं आणि किती दाब, या दोन वेगळ्या गोष्टी. सैल मूत्राशयात ३०० मिलिलिटरला १० सेंटीमीटर दाब असतो. वर्षानुवर्षं आकुंचून जाड झालेल्या मूत्राशयात तेवढ्याच ३०० ला ६० असू शकतो, आणि अल्ट्रासाउंडला दोन्ही फुगे सारखेच दिसतात. वरच्या पेडण्याच्या भावाचं दुखणं नेमकं हे दुसरं. त्यातही तोच माणूस, तेच ३०० मिलिलिटर, आणि गोळी चुकली त्या दिवशीचा दाब वेगळा. तुमचा पट्टा त्या दिवशीही सगळं ठीक म्हणेल.

पट्टा बनवून बघणार असाल तर आकडे जरूर पाठवा, पण मिलिलिटरमध्ये. मागच्या महिन्यात एकाने मला 'दोन कप आणि थोडं' असं कळवलं होतं.